डावीकडे वळलं की ओरडणारी मोटार

एका जंगलात, मुलांनो, एक वाघ होता आणि त्या वाघाकडे एक मोटार होती. दचकू नका, अजून सुरू केलेली नाही.

मोटार लाल होती. दोनच सीटची, उघड्या टपाची, शर्यतीत पळणारी. वाघाच्या आजोबांनी घेतलेली. वाघाचं नाव रणधीरराव. गाडीमुळे त्यांची चालायची सवयच सुटली होती. शिकारीलासुद्धा ते गाडीतूनच जात. उतारावर इंजिन बंद करायचं, गाडी नुसती घरंगळू द्यायची, खाली आलं की डावीकडे वळायचं. तिथे तळं, आणि तळ्यावर पाणी पिणारी हरणं. कुणाला चाहूलही लागत नसे.

पण एके सकाळी गाडी डावीकडे वळली आणि आपणहून ओरडली, "पॅंऽऽऽ!"

हॉर्नच्या बटणाला कुणी पंजासुद्धा लावला नव्हता. हरणं पसार! दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. रणधीरराव फणस खाऊन झोपू लागले.

आधी अस्वलाने गाडी पाहिली. "बटणात धूळ गेलीय," म्हणाला आणि बटण मधाने पुसून दिलं. आता हॉर्न सरळ जातानाही वाजायला लागला, वर मुंग्या झाल्या. तो मध काढण्यात दोन दिवस गेले.

मग बोलावणं गेलं झुंबरबाई खारीला. वायरिंगचं काम करावं ते तिनेच. बोटं बारीक, नजर त्याहून बारीक. अडचणी दोनच. मोठा आवाज झाला की ती झाडावर जायची, आणि खोटं बोलली की तिची शेपटी फुलायची.

वाटेत तिला अनुसूयाक्का हरिणीने गाठलं. अक्काचं पाडस जेमतेम आठ दिवसांचं होतं. अजून पळताना धडपडत होतं.

"झुंबर, हॉर्न दुरुस्त केलास तर माझं लेकरू गेलं म्हणून समज. सांग की, जमत नाही म्हणून!"

"अक्का, माझी शेपटी!"

"मग शेपटीवर बस."

"आणि शेपटीवर बसून काम कसं करू गं?"

अक्का पाडसाला घेऊन गाडीजवळच्या झुडपामागे लपली.  झुंबरबाई रडवेल्या तोंडाने गाडीपाशी गेली.

तिने फ्यूज काढला. शांतता. फ्यूज बसवला. तरीही शांतता. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. काही नाही. डावीकडे फिरवलं...

"पॅंऽऽऽ!"

झुंबरबाई सागाच्या शेंड्यावर.

"खाली ये," रणधीरराव गुरगुरले. "काय झालंय ते सांग. खरं सांग."

ती खाली आली. "सरकार, बटणाची वायर स्टिअरिंगच्या नळीतून खाली जाते. तिचं वरचं कापड झिजलंय. डावीकडे वळलं की उघडी तार लोखंडाला टेकते. बटण दाबल्यासारखंच होतं ते."

"उपाय?"

झुंबरबाईने डोळे मिटले. "दोन बोटं काळी टेप गुंडाळायची. पाच मिनिटांचं काम आहे."

झुडपामागे अक्काने पाडसाला कुशीत ओढलं.

"टेप?" रणधीरराव उठून उभे राहिले. "प्लॅस्टिकची? या गाडीत?"

"आत राहील, सरकार. कुणाला दिसणारही नाही."

"मला माहीत असेल ना! या गाडीचा एकेक खिळा ओरिजिनल आहे. कापडी वायरच हवी. आजोबांच्या काळातली."

"ती आता कुठेच बनत नाही हो."

"मग आम्ही थांबू. काही दर्जा आहे की नाही! आणि त्या जुन्या वायरीला कुणी हात लावायचा नाही!"

झुंबरबाईची शेपटी अगदी चापूनचोपून बसलेली होती.

दुसऱ्या सकाळी गाडी उतारावरून आली, वळली, ओरडली. हरणं बाजूला झाली. पाडस सगळ्यांत शेवटी, धडपडत, पण झालं.

"ऐकलंत?" रणधीरराव रिकाम्या पोटाने छाती फुगवून म्हणाले. "अस्सल आवाज आहे!"

"वा, रावसाहेब!" अक्का टेकडीवरून ओरडली. "अशी मोटार पंचक्रोशीत नाही. जपा हं तिला!"

तात्पर्य : खोटं बोलून जीव वाचवायला आपल्याला अक्कल लागते. खरं बोलून वाचवायचा असेल, तर ती समोरच्याला नसावी लागते.