आबांचा नाग काही मरत नाही

बाळाराम आबांची नि माझी पहिली नीट ओळख झाली तेव्हा ते मोबाइलमधल्या नागाला फैलावर घेत होते. "आरं, तुना पापन्या कशा? सापाला पापन्या नसतात! डोले कसं मिचकावतंय बग, लगीन ठरल्यासारका!" एवढं ऐकून घेऊन नागाने त्यांना गिळलं.

आबा आमचे चाळमालक. भातशेती गोदामवाल्यांना भाड्याने दिल्यापासून त्यांना काम असं नाही. गळ्यातली साखळी मात्र अशी की तिला बैल बांधावा. माझे वडील इथेच, कामतघरला, कापडाच्या लूमवर कामाला आहेत आणि आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. त्यामुळे मला सगळं येतं, असं आबांचं ठाम मत. टीव्हीचा रिमोट बिघडला, बोलाव संदीपला. नाग मरत नाही, बोलाव संदीपला.

"आबा, मी कॉमर्सला आहे," मी चाचरत सांगून पाहिलं.

"मंग? कालेजच हाय ना?"

हा गेम त्यांच्या मुलीने, नयनाताईने घालून दिलेला. ती लग्न होऊन नागपूरला गेली. आधी रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. जेवलात? जेवलो. गोळी घेतली? घेतली. बरं, ठेवते. संपलं. आता फोन स्पीकरवर ठेवून बापलेक जोडीने लढतात आणि तासभर आरडाओरडा चालतो. शेवटी येतो तो तीन फण्यांचा, एसटीएवढा, हिरवं विष थुंकणारा नाग. तो मेला की गेम संपला. पण आबा रोज त्याच्या तोंडी जातात आणि वर त्याच्याच चुका काढतात. "नाग कंदी असा पाटी लागतो का? ह्यो बनवनारा कंदी शेतात गेला न्हाय!"

या बाबतीत मात्र त्यांचा शब्द मानावा लागतो. पावसाळ्यात त्यांच्या एका गोदामात खोक्यांमागे घोणस निघाली. कुकरच्या शिटीसारखी फुसफुसत होती. हमाल सळया घेऊन धावले, "मार साली को!" आबा दारात आडवे उभे राहिले. "हटो सब! वो बोल रही है ना, दूर जाव? तो जाव ना दूर! सुननेका नहीं क्या?" सगळे लांब उभे राहिले. घोणस मागच्या दाराने गवतात निघून गेली. आबा पुटपुटले, "तिची जागा व्हती. आपुन पत्रे ठोकले."

असा माणूस खोट्या नागासमोर इतका ढ कसा, हे मला कळेना. मी मन लावून शिकवत होतो. तो मधला फणा खाली करतो, तेव्हा डावीकडे उडी मारायची. मी कागदावर चित्रसुद्धा काढून दिलं. आबांनी त्यावर भजी ठेवली.

परवा दुपारी पाण्याची टाकी भरून वाहते आहे हे सांगायला वर गेलो. मी टाकीचं सांगितलं, पण आबा एकटेच सराव करत बसले होते. मधला फणा खाली आला, आबांनी डावीकडे उडी घेतली. एक, दोन, तीन, भात कापावं तसे फणे उतरवले. पडद्यावर फटाके फुटले. आबांनी फोन लुंगीला पुसला.

"आबा! जमलं की तुम्हाला! आज ताईंसोबत..."

"न्हाय."

"का पण?"

"मेला तर संपला ना खेल," ते म्हणाले आणि टाकीचा पंप बंद करायला उठले.

संध्याकाळी ताई नागपुरातून ओरडत होती, "आबा, डावीकडे! आबा, डावीकडेऽऽ!" आबा उजवीकडे गेले, सरळ जबड्यात. ताई खदखदून हसली. "परत मेलात! संदीप आहे का तिथं? काय रे, शिकवतोस का नुसता चहा पितोस?"

आबा माझ्याकडे बघत राहिले.

"शिकवतोय ताई," मी म्हणालो, "पण त्यांचा हातच वळत नाही. अजून बरेच दिवस लागतील."