एलादियोची कबुतरं

सगळं सुरू झालं ते सेवेरियानाच्या एका वाक्यावरून. गिरणीत भिजवलेला मका दळायच्या रांगेत उभी असताना, चार बायकांच्या देखत ती ओतिलियाला म्हणाली, "वहिनी, तुमच्या नवऱ्याची कबुतरं आता म्हातारी झाली की हो!"

बायका हसल्या. ओतिलिया हसली नाही. ओल्या पिठाची बादली उचलून ती तडक घराकडे निघाली. वाटेत भेटलेलं कुत्रंसुद्धा बाजूला झालं.

कबुतरांची भानगड अशी. ओतिलियाचा नवरा एलादियो सान मेल्चोर गावातल्या लग्नांचे, बाप्तिस्म्यांचे आणि संत मेल्चोरच्या उत्सवाचे व्हिडिओ करायचा. त्याचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर अकरा वर्षांपूर्वी कॅमेऱ्याबरोबर फुकट आलेलं. त्यात दोन पांढरी कबुतरं होती. एक प्रसंग संपला की ती फडफडत यायची आणि पुढचा प्रसंग चोचीत धरून ओढून आणायची. लग्नात कबुतरं, बाप्तिस्म्यात कबुतरं, एकदा तर अंत्ययात्रेतही (ते चुकून झालं, पण विधवेला फार आवडलं).

आता अर्धं सान मेल्चोर राहतं सरहद्दीपलीकडे, लॉस एंजेलिसला. तिथल्या हॉटेलांत भांडी घासतं, लोकांची पोरं सांभाळतं, आणि कागदपत्रं नाहीत म्हणून माघारी येऊ शकत नाही. त्यांचा उत्सव म्हणजे एलादियोचा व्हिडिओ. ओतिलियाची मुलगी रुफिना त्यांच्यातलीच. नऊ वर्षं झाली तिला जाऊन.

आणि हा व्हिडिओ कोणी करायचा ते ठरवणार उत्सव समितीचा अध्यक्ष, म्हणजे सेवेरियानाचा नवरा. खालच्या गावच्या फाउस्तिनोकडे उडता कॅमेरा होता आणि प्रोफेशनल सॉफ्टवेअरही. म्हणजे सेवेरियाना नुसती कबुतरांना नावं ठेवत नव्हती. ह्या घरची कामगिरीच काढून घ्यायला निघाली होती.

"आपणही प्रोफेशनल घ्यायचं," ओतिलियाने बादली आदळली.

"कशाला? मला ह्यात सगळं सापडतं."

"काय सापडतं? कबुतरं!"

"आणि गुलाबाच्या पाकळ्या," एलादियो दुखावून म्हणाला.

"तीस दिवस फुकट वापरून बघा, असं लिहिलंय त्यावर. ह्या उत्सवाला वापरू. जमलं तर डुक्कर विकून विकत घेऊ."

"आणि नाही जमलं तर?"

"न जमायला काय झालं? मी आहे ना!" (ओतिलियाची शाळा चौथीत सुटली. पण शाळा सुटली म्हणून शिकवायचं थोडंच सुटतं!)

उत्सव झाला. सात तासांचं शूटिंग जमलं. एलादियोने नवं सॉफ्टवेअर उघडलं तर पडद्यावर इतकी बटणं, की त्याने आधी छातीवर क्रूस काढला. अर्धा दिवस तो कबुतरं शोधत बसला.

"प्रोफेशनल लोक कबुतरं पाळत नाहीत," ओतिलिया त्याच्या मागे खुर्ची ओढून बसली. "ते पात्याचं चित्र कसलं?"

"त्याने नको तो भाग कापतात."

जन्मभर टर्कीच्या माना कापलेल्या बाईला आणखी काय हवं!

"ही हेनोवेवा म्हातारी मक्याच्या पिठाचा एक तमाल किती वेळ चावतेय? काप."

"अगं, ब्याऐंशी वर्षांची आहे ती."

"मग तेवढी वर्षं बघत बसायचं का? काप. बँडवाले बाजे पुसताहेत, काप. बास्केटबॉलमध्ये आपण हरतोय तेवढं काप."

"मग सामनाच उरत नाही."

"नको उरू दे. आणि ही कोण भवानी? दर दोन मिनिटांनी कंबरेवर हात, तोंड उघडं?"

एलादियो दाराकडे बघत म्हणाला, "तू."

ओतिलियाने एकदा नीट बघितलं. "काप."

सात तासांचा व्हिडिओ अडतीस मिनिटांचा झाला. फाउस्तिनोचासुद्धा इतका चटपटीत नसेल. मिरच्या आणि सुकं मांस घेऊन जाणाऱ्या पार्सलवाल्याबरोबर पेनड्राइव्ह लॉस एंजेलिसला रवाना झाला.

तिकडे रविवारी एका गॅरेजमध्ये सगळे जमतात, पडदा म्हणून चादर बांधतात आणि दुपारपासून दिवे लागेपर्यंत खात-पीत बघतात. ह्या वेळी पातेल्यातले तमाल वाफायच्या आत व्हिडिओ संपला. एलादियोचा फोन वाजला. हेनोवेवाचा मुलगा लिब्रादो होता.

"काका, खरं सांगा. आई कधी गेली?"

"कुठे गेली?"

"लपवू नका! मोलेचा रस्सा वाढताना दिसली, जेवताना नाही. दर वर्षी ती जेवते, मी सगळं जेवण बघतो. गेली ना माझी आई?"

ओतिलियाने फोन हिसकावला. "अरे, धडधाकट आहे! आत्ता माझ्या दारावरून गेली, माझ्या कोंबडीला शिवी देऊन! चावायला वेळ लावते म्हणून काढली मी तिला."

"काकू, चावते कशी तेच तर बघायचं असतं! दात किती राहिले ते मला आणखी कसं कळणार?"

मग फोनवर फोन. कोणाला कापलेली घराकडची वाट हवी होती, कोणाला हरलेला सामना हवा होता. शेवटचा फोन रुफिनाचा.

"आई, तू कुठेच नाहीस गं."

"मी काय बघण्यासारखी आहे? सगळीकडे आपली ओरडतेय."

"तेच बघायला बसते मी. इथे मला कोण ओरडतं? मालकीणसुद्धा प्लीज म्हणते."

ओतिलिया म्हणाली, "रडू नकोस. नाक पूस आधी. बाहीला नाही!"

"हां," पलीकडून रुफिना हुंदक्यातच हसली, "हेच."

फोन ठेवून ओतिलिया नवऱ्याकडे वळली. "जुन्या सॉफ्टवेअरमध्ये घाल सगळं. एक क्षणही कापायचा नाही!"

"एकही?"

"बहिरा झालास?"

"पण अगं, पाचव्या तासात एके ठिकाणी..."

"एलादियो!"

एलादियोने तोंड मिटलं. (बिचाऱ्याला वाक्य पुरं करू दिलं असतं, तर गोष्ट इथेच गोडीगुलाबीने संपली असती.) फुकटचे चार दिवस उरले असतानाच ओतिलियाने नवं सॉफ्टवेअर पुसून टाकायला लावलं. डुक्कर वाचलं.

पुढच्या रविवारी पहिला फोन रुफिनाचा. हसण्यामुळे तिला बोलता येईना. "आई... पाचवा तास... भांडी!"

झालं होतं असं, की उत्सवात एलादियो कॅमेरा चुलीजवळच्या बाकावर ठेवून मेस्काल दारूचा घोट घ्यायला गेला आणि बंद करायला विसरला. पुढची बावीस मिनिटं कॅमेऱ्यासमोर ओतिलिया पातेली घासत होती आणि बहिणीला सेवेरियानाबद्दल सांगत होती. मोले किती पातळ, झंपर कोणाकडून मागून आणलेला, अध्यक्षसाहेब टर्कीच्या तंगड्या कशा मोजतात, सगळं!

"हे तू ठेवलंस?" ओतिलिया किंचाळली.

"तू म्हणालीस कापू नको. पण मी तुझी अब्रू राखली," एलादियो छाती काढून म्हणाला. "जिथे जिथे तू वाईट बोललीस, तिथे तुझ्या तोंडावर कबुतरं सोडली."

"आणि आवाज?"

एलादियोची छाती आत गेली. "आवाजाचं... लक्षातच आलं नाही."

"आम्ही मोजली," फोनमधून रुफिना म्हणाली. "चाळीस जोड्या. सेवेरियाना काकूंचा भाऊ पहिल्या रांगेत बसला होता."

सोमवारी ओतिलियाने पदर नाकापर्यंत ओढून गिरणी गाठली. पुढे नेमकी सेवेरियाना.

"वहिनी," सेवेरियाना सावकाश वळली, "व्हिडिओ पुढच्या वर्षीही एलादियो भाऊजीच करणार. ह्यांना सांगून टाकलंय मी. लॉस एंजेलिसवाले दुसऱ्या कोणाचं नाव घेऊ देत नाहीत."

ओतिलियाचा विश्वास बसेना.

"आणि आवाज काय आलाय! शब्द न् शब्द कळतो. अगदी प्रोफेशनल! फक्त त्यांची एक मागणी आहे. उत्सवाची भांडी तुम्हीच घासायची. सगळी. कॅमेऱ्यासमोर."

उत्सवाला सहाशे माणसं जेवतात.