गैरहजर भाऊबंदांचे रोट

जळगावच्या पिंप्राळ्यात राहणारे योगेंद्र बोरसे, वरिष्ठ लिपिक, लेखा शाखा, यांनी आपल्या पोटावर पडून असलेला निधी दंडांकडे वळता करण्याचा निर्णय घेतला. निर्णय जनहिताचा नव्हता. चौकातल्या फ्लेक्सवर आपला फोटो लागावा, एवढीच त्यांची इच्छा होती. गल्लीतल्या प्रत्येकाचा फोटो कधी ना कधी लागला होता. कुणी भावी नगरसेवक म्हणून, कुणी त्याला शुभेच्छा देणारा म्हणून. एका बैलाचा वाढदिवससुद्धा चौकाने साजरा केला होता. योगेंद्र तेवढे राहिले होते. (त्यांचा मान लेखा शाखेत ठेवून यापुढे आपण त्यांना नुसतं योगेंद्र म्हणू.)

संधी आणली व्यायामशाळेच्या चुडामण सरांनी. त्यांनी स्पर्धा जाहीर केली. कानबाईच्या सणानंतरच्या बुधवारी ज्याचं वजन आहे तेवढंच असेल आणि दंड मात्र भरलेले असतील, त्याचा ‘आधी’ आणि ‘नंतर’ असा जोडफोटो चौकात लागणार होता.

“म्हणजे वजन कमी करायचं नाही?” योगेंद्रने विचारलं.

“बिलकुल नाही, भाऊ. कमी खाल्लं तर दंड येत नाही, जास्त खाल्लं तर पोट येतं. पुरेसं खायचं. डाळ, अंडी, पनीर खा, वजनं उचला. काटा हलला नाही पाहिजे.”

योगेंद्रला हे इतकं पटलं की त्याला भरून आलं. उभी हयात त्याने ऑफिसात दुसरं काय केलं होतं? एकूण तरतूद न वाढवता एका शीर्षाखालची रक्कम दुसऱ्या शीर्षाखाली न्यायची, याला पुनर्विनियोजन म्हणतात. ऑफिसात रक्कम वळती झाली तरी रस्ता काही होत नसे, पण तशी कुणाची अपेक्षाही नसे.

घरात अंमलबजावणी त्याच दिवशी सुरू झाली.

“अहो, बट्टीवर तूप घालू ना?” डिंपलने, म्हणजे बायकोने, विचारलं.

“तुपाच्या शीर्षाखाली शिल्लक नाही.”

“तूप नाही तर ती बट्टी नाही, धोंडा आहे.”

“मग धोंडा मंजूर,” योगेंद्र म्हणाला आणि तो त्याने वरणात चुरून खाल्ला.

आश्चर्य असं की योजना चालली. सरकारी माणसाने आखलेली योजना चाललेली पाहून तो स्वतःच दचकला. काटा जागच्या जागी होता आणि शर्टाची बाही दंडावर घट्ट बसू लागली होती. कापड आटलं असेल, अशी शंका डिंपलने काढली. योगेंद्रने ती फेटाळली आणि तो कोपरं बाहेर काढून चालू लागला.

मग श्रावणात खानदेशची देवी कानबाई आली. मंडळी धुळ्याकडच्या गावी गेली. कानबाईच्या रोटांचा, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचा, नियम कुठल्याही खात्यापेक्षा कडक. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू मापून घ्यायचे, दळायचे, रोट करायचे. ते फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत. योगेंद्रच्या आईने, तानुबाईने, सगळ्यांच्या नावाचे गहू घेतले होते. पुण्याच्या प्रकाशचे घेतले, सुरतच्या चुलतभावांचेही घेतले. प्रकाश हा योगेंद्रचा सख्खा धाकटा भाऊ. ‘मीटिंग आहे, देवीला नमस्कार सांगा,’ असा त्याचा निरोप आला. सुरतहून घरच्या ग्रुपवर नुसता अंगठा आला.

योगेंद्र आपल्या वाट्याचा रोट खाऊन उठू लागला.

“बैस, भाऊ,” तानुबाई म्हणाली. “परकासना नावना बाकी शे. तो नही उना ते कोन खाई?”

“माय, मन्हं वजन वाढी जाई. बुधवारे काटा शे.”

“कानबाईनं कधय कोनले काटावर उभं करं?”

“मंग ज्या येत नहीत, त्यासना गहू घेस कसाले?”

तानुबाईचा हात तुपाच्या वाटीवर थांबला. “ज्या उनात नही, त्यासना नाव काढी टाकू का मी?”

योगेंद्र परत बसला आणि प्रकाशच्या नावाचा रोट त्याने खिरीबरोबर संपवला. मग सुरत घेतलं. देवीचा मामला असल्याने तूप नाकारता आलं नाही. सोमवारी कानबाई बोळवली, तरी सुरत थोडं शिल्लकच होतं.

बुधवारी व्यायामशाळेत काटा हलला. चांगला पुढे सरकला.

“सर, हे वाढीव वजन माझं नाही,” योगेंद्रने बाजू मांडली. “रोट प्रकाशच्या नावाचे. खाणारा मी, हक्कदार तो. माझ्याकडे ते तात्पुरतं ठेवलेलं आहे.”

दुसरा कुणी हसला असता. पण चुडामण सर नशिराबादचे, म्हणजे पक्के खानदेशी. कानबाईपुढे त्यांचं काय चालणार? त्यांनी विचार केला.

“बरोबर आहे, भाऊ. वजन प्रकाशभाऊंच्या नावे टाकतो. पण मग ‘नंतर’चा फोटोही त्यांचाच लागेल. आहे का?”

फोटो होता. रविवारीच, रोटांच्या ऐन वेळी, प्रकाशने घरच्या ग्रुपवर टाकला होता. पुण्यातल्या जिममध्ये, शर्ट काढून. खाली लिहिलं होतं, ‘साखर बंद, तूप बंद. शिस्त!’ मीटिंग ती हीच. योगेंद्रने स्वतःच्या हाताने तो पाठवला. नियम त्यानेच मांडला होता, आता माघार कशी घेणार?

फ्लेक्स लागला. ‘आधी’ योगेंद्र बोरसे, ‘नंतर’ प्रकाश बोरसे. खाली मोठ्या अक्षरांत: वजन तेच, माणूस नवा!

“लागला ना एकदाचा फोटो?” डिंपल म्हणाली आणि रात्री तिने न विचारता बट्टीवर तूप ओतलं.

तानुबाईला शेजारणीने फोनवर फ्लेक्स दाखवला. तिने लगेच फोन लावला. “दोन्ही भाऊ एक जागे दखायनात, बरं वाटनं,” ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती इतकी खुश होती, म्हणून योगेंद्रने काही खुलासा केला नाही.

प्रकाशनेही ग्रुपवर लिहिलं, ‘दादा, सणावाराला तोंडावर जरा ताबा ठेवत जा.’ त्याला सुरतहून अंगठे आले.

आपणही योगेंद्रला हसला असाल. हरकत नाही. फक्त गावी एकदा फोन करून विचारा, यंदा तुमच्या नावाचं कोणी खाल्लं.