यमुनेपल्याडची गोळी

या, जरा जवळ सरका. शुगरवाले तर आणखी जवळ. सुईवाचून इन्सुलिन कसं घ्यावं, त्याची गोष्ट सांगतो. मी नेकनूरचा त्रिंबकनाना. कीर्तनं इतकी ऐकलीत, की जगातली कुठलीही गोष्ट दृष्टांत देऊन समजावीन!

आमच्या बायकोला, चतुराबाईला, शुगर. रोज सुई मीच टोचतो. ती डोळे असे गच्च मिटते, जणू मी कुऱ्हाड घेऊन उभा आहे.

त्यात पुण्याच्या प्रयोगशाळेतून पुतणीचा, मोहिनीचा, फोन आला. "नाना, आम्ही इन्सुलिनची गोळी बनवतोय. नुसतं गिळलं तर ते पोटात भाकरीसारखं पचतं, म्हणून त्याला वेष्टण घालतोय. निम्म्यांना खरी गोळी देतो, निम्म्यांना साखरेची. सप्त्याला आले की सगळं सांगते."

ती येईपर्यंत थांबतो तो नाना कसला? काल्याच्या कीर्तनाआधी बुवांकडून माईक घेतला.

"मायबापहो, पोट म्हणजे पूर आलेली यमुना. इन्सुलिन म्हणजे बाळकृष्ण. टोपलीवाचून गोकुळात पोचंल का? आमच्या मोहिनीनं ती टोपली विणलीय! कुणाकुणाला गोळी पायजे?"

मंडपभर हात वर. चतुराबाईचा सगळ्यात उंच.

मी इमानदारीनं पुढं सांगितलं, "निम्म्यांना मात्र साखरेची गोळी मिळंल."

हात झपकन खाली.

धोंडीराम उठला. "शुगरवाल्याला साखर? मारतो का बे आमाला?"

"मला साखरंचीच येनार," शेजारची म्हातारी मुसमुसली. "माझं नावच साखराबाई हाय."

चतुराबाईचा हात तेवढा वरच. "मला कंची बी चालंल. सुई नगं."

एवढ्यात एसटीतून उतरून मोहिनी मंडपात आली. सगळे तिच्यावर तुटून पडले.

"अहो, साखरेची म्हणजे नुसतं म्हणायचं. औषध नसलेली गोळी ती. आणि हे सगळं अजून उंदरांवर चाललंय. माणसांपर्यंत यायला कैक वर्षं लागतील."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

"म्हंजे नाना," धोंडीराम म्हणाला, "तू आमची उंदरात भरती करीत हुतास व्हय?"

हसताना बुवांचा फेटा सुटला. पण चतुराबाईचा हात हळूहळू खाली आला, तो मला बघवला नाही.

घरी सुई भरली. तिनं दंड पुढं केला. डोळे उघडेच.

"अवं, त्या उंदरांला बी शुगर हाय?"

"हाय."

"बिचारी. लवकर गुण येऊ दे त्यांला."

तेव्हापासून ती देवापुढं रोज उंदरांसाठी हात जोडते. तुम्ही जोडाल तेव्हा तुम्हीही त्यांची आठवण ठेवा. त्यातही ज्यांच्या वाट्याला साखरेची आली, त्यांची जरा जास्त.