दाजींचं 'आय ॲम कमिंग'

"मास्तरीणबाय, विहीण विचारता 'व्हेन?' व्हेन म्हणजे केवा ना? मगे कसला केवा?"

दाजींनी फोन अक्षयापुढे धरला. आयर्लंडहून आलेला मेसेज तसा लहानसाच होता. हाऊ वंडरफुल! व्हेन? युअर रूम इज रेडी. पण काल दुपारी तिने स्वतः नजरेखालून घातलेल्या मजकुरात कुणी कुठे जाण्यायेण्याची गोष्टच नव्हती.

दाजींचं घर वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ, आणि त्यांचा सगळा जन्म होडीवर गेलेला. त्यांच्या निलेशने आयर्लंडमध्ये परस्पर लग्न उरकलं, तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद होतं. निलेशचा फोन आईला, म्हणजे पार्वतीकाकीला, यायचा. तेवढ्या वेळात दाजी अंगणात जाऊन जाळं सांधत बसायचे. जाळं कुठे फाटलेलं नसलं तरी. नात झाली, तरी हट्ट सुटला नाही. मग एक दिवस सुनेच्या आईने, ब्रिजिटबाईंनी, थेट दाजींनाच मेसेज केला, की आपण आता एकाच बाळाचे आजी-आजोबा, ओळख तरी करून घेऊ. दाजी विरघळले. पण लेकाकडून उत्तर लिहून घ्यायचं म्हणजे हार पत्करायची. म्हणून ही इंग्रजीची शिकवणी.

बाळंतपणानंतरची अक्षयाची ही पहिलीच शिकवणी. शाळेतली नोकरी सुटली होती. लहानग्या तेजूला काखोटीला मारून ती दुपारची यायची. पार्वतीकाकीने पडवीच्या वाशाला जुन्या लुगड्याची झोळी बांधून दिली होती. झोळीची दोरी दाजी पायाच्या अंगठ्यात अडकवत आणि काळ शिकत. 'आय गो'ला झोका पुढे, 'आय वेंट'ला झोका मागे. भविष्यकाळ निघाला, की तेजू हमखास जागी व्हायची.

कालही तेच झालं. कितीतरी खाडाखोड करून मजकूर तयार झाला होता. बाळ कोणासारखं दिसतं, तुमच्याकडे मासळी कोणती मिळते, आणि तुमच्या-आमच्या दारातला दर्या एकच आहे. हे शेवटचं वाक्य दाजींचं स्वतःचं होतं, आणि ते वाचताना अक्षयाला दोनदा नाक ओढावं लागलं होतं. तेवढ्यात तेजूने भोकाड पसरलं. "तू पोराक बघ गो, पाठवतंय मी," असं दाजी म्हणाले आणि ती घरी गेली.

"दाजी, मी गेल्यावर तुम्ही खाली काही लिहिलंत?"

"खाली काय लिवतलंय? येतंय म्हटलंय. माणसासारखा सांगून उठा नको?"

अक्षयाने बोटाने मेसेज वर सरकवला. दर्याच्या त्या वाक्याखाली लिहिलं होतं: नाऊ आय ॲम कमिंग.

"अहो, याचा अर्थ तुम्ही आयर्लंडला येताय असा होतो!"

"मगे काय 'आय ॲम गोइंग' लिवू? विहिणीच्या दारातसून उठताना जातंय म्हणू?"

"शिरा पडो त्या जाण्यार!" आतून पार्वतीकाकी ओरडली.

शिकवताना अक्षया नेटकं पुस्तकी मराठी बोलायची. पण घाबरली की ते पळून जाई. "दाजीनू, आता खरा काय ता कळवक व्हया. थंय ती बिचारी चादरी घालून बसली आसा." तिने वाक्य जुळवायला घेतलं. गैरसमज झाला, क्षमा करा, आमच्याकडे निरोप घेताना 'येतो' म्हणतात. पण पार्वतीकाकी हात पुसत बाहेर आली.

"नातीक बघूक बोलवतत, आणि तुमी नाय म्हणतलास?"

"माझ्याकडे पासपोर्ट खंय आसा? स्वेटर खंय आसा?"

"दर्यात जल्म गेलो आणि आता स्वेटर व्हयो?"

"तू जा, तुका बोलवल्यान काय बघ!"

हे असं चाललेलं असताना झोळी रिकामी असल्याचं अक्षयाच्या लक्षात आलं. तेजू सुकटीच्या टोपलीत बसून एक सुका बोंबील मन लावून चोखत होती. तिला उचलून, तोंड धुऊन, कपडे झटकून अक्षया परतली, तर दाजी हसतमुख.

"नको काय ता लांबाण! सुधारून पाठवलंय. एकदम शॉर्ट."

आय ॲम नॉट कमिंग. नाऊ आय ॲम गोइंग विथ गॉड.

"यात देव कशाला?" अक्षयाने विचारलं.

"नुसता गोइंग वायट दिसता गो. म्हणान देवाचा नाव घातलंय."

शब्दयोगी अव्ययं पुढच्या आठवड्यात घ्यायची होती. दाजी देवाघरी निघाले, असाच याचा अर्थ होत होता. मेसेजखालच्या खुणा निळ्या झाल्या. म्हणजे वाचला. उत्तर मात्र येईना. चहा आला, निवला, वर साय धरली. एवढ्या वर्षांत या घराकडे कुणीतरी प्रेमाने हात पुढे केला होता, आणि तिच्या शिकवणीतून त्या हातावर हे पडलं होतं. आता ती बाई काय समजेल? सून काय म्हणेल? निलेश तर परत फोनही करायचा नाही.

फोन वाजला. पार्वतीकाकीचा नाही, दाजींचा. त्यावर निलेशचं नाव होतं.

जाळ्यात अनोळखी काही यावं, तसे दाजी त्याच्याकडे बघत राहिले. हात लावेनात. शेवटी तेजूला कडेवर सावरत अक्षयानेच बोट टेकवलं.

"बाबानू!" आवाज पार फाटलेला होता. "बाबानू, खंय जातास?"

दाजी सवयीने रिकामी झोळीच हलवत होते; अंगठ्यातली दोरी थांबली.

"खंय नाय रे. हंय पडवीत आसंय."

"मगे देव कित्याक घातलास त्याच्यात?"

"व्याकरण रे ता, मेल्या!"

पलीकडून निलेशचा फुसफुसल्यासारखा आवाज आला. हसतोय की काय करतोय, ते कळेना. मग मागून एक बारीक रडणं आलं. ते ऐकून इकडे तेजूनेही सूर लावला.

"रडता कित्याक ती?" दाजी एकदम फोनवर वाकले. "झोळी नाय तुमच्याकडे? नाय? एवढी वर्सा थंय करतंस काय तू? दोरी आण. आण म्हणतंय ना! आता गाठ कशी मारूची ता सांगतंय..."

गाठ सांगण्यात चांगला अर्धा तास गेला. पार्वतीकाकी गॅसवर दुसरा चहा टाकून "धूर, धूर" करत डोळे पुसत होती.

पुढच्या शिकवणीला अक्षया अगदी हलक्या मनाने आली आणि फाटकातच थबकली. खाटा अंगणात. दाजी शिडीवर, हातात रंगाचा ब्रश. पार्वतीकाकी खालून मुकादमी करत होती.

"बाये, विहीण येता!" काकी आनंदाने म्हणाली. "स्वताच्या तोंडान सांगल्यान. आयक!"

तिने फोनवरचा आवाज लावला. ब्रिजिटबाई इंग्रजीत भरभरून काहीबाही बोलल्या आणि शेवटी, एकेक अक्षर जपून टाकत, म्हणाल्या, "बरां, येटंय हां मी!"

अक्षयाला उलगडा झाला. निलेशने सासूला सगळं नीट समजावलं होतं तर. त्या बाई आपल्या रीतीने नुसता निरोप घेत होत्या, आणि इथे भिंती रंगत होत्या! काकी आत जाताच ती शिडीखाली गेली.

"दाजीनू, ती येवची नाय हो. तिनां निरोप घेतल्यान. येतंय म्हणजे..."

"माका ठावक आसा," दाजी ब्रश न थांबवता हळूच म्हणाले.

"ठावक आसा? आणि रंग काढतास?"

दाजी दोन पायऱ्या उतरले. रंगाचा हात लेंग्याला पुसून त्यांनी फोन दाखवला. ब्रिजिटबाईंच्या निरोपाखाली दाजींचं उत्तर होतं: हाऊ वंडरफुल! व्हेन? युअर रूम इज रेडी.

अक्षयाने सवयीने पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासलं. चूक एकही नव्हती.

"म्हटला ना तिनां आपल्या तोंडान?" दाजी परत शिडी चढू लागले. "आता येवक व्हया."

त्या दिवशी शिकवणी झालीच नाही. रंगाचा डबा तेजूपासून राखण्यातच दुपार गेली. शेवटी लेकीला कडेवर घेऊन अक्षया पायरी उतरली आणि वळून म्हणाली, "बरां काकी, येतंय हां."

पार्वतीकाकी हातात केरसुणी घेऊन दारात आली.

"केवा, ता सांगून जा गो बाये," ती म्हणाली. "आमच्या घरात आता नुसता येतंय चालाचा नाय."