गुरुजींचा चेला

'समर्थक' या एका शब्दापायी मोहिते गुरुजींनी माझं गिऱ्हाईक घालवलं.

हातखंब्याला माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. रोज दहाला येऊन गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसायचे आणि माझ्या स्क्रीनवरचा मजकूर तपासायचे. त्या दिवशी चार तरुण कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर करायला आलेले. खाली टाकायचं होतं 'भाऊंचे कट्टर समर्थक'. गुरुजींनी विचारलं, भाऊंच्या कुठल्या मताला तुमचं समर्थन आहे? चौघं एकमेकांकडे बघत राहिले. "मग 'चाहते' लिहा," गुरुजी म्हणाले. "त्याला कारण लागत नाही." ते चौघं उठून समोरच्या दुकानात गेले.

सत्संगाच्या फ्लेक्सवर 'भक्तगण' होतं. गेल्या वर्षी कुठल्या महाराजांचे होतात, असं त्यांनी तो छापायला आलेल्या गृहस्थांना विचारलं. नाव वेगळं निघालं, तेव्हा 'श्रोते' लिहायचा सल्ला दिला. गुरुजींच्याच वाडीतल्या बुद्धविहाराच्या कार्यक्रमाला मी सवयीने 'भक्त' टाइप केलं, तर मला तासभर ऐकावं लागलं. "आम्ही अनुयायी. मागून चालतो, पण स्वतःच्या पायांनी आणि डोळे उघडे ठेवून." तिथे चूक माझी होती, पण तासभर?

शेवटी एकदा माझा तोल गेला. म्हटलं, "गुरुजी, तुमची शाळा सुटली. आता मला धंदा करू द्या."

त्यांनी छत्री उचलली आणि निघून गेले. चार दिवस फिरकले नाहीत. दुकान शांत होतं. मला बरं वाटलं, हे खोटं सांगत नाही.

पाचव्या दिवशी सुरेश रिक्षावाला आला. गुरुजींना पंचाहत्तरावं वर्ष लागत होतं, त्याचा बॅनर नाक्यावर लावायचा होता. खाली मजकूर, 'आपला चेला, सुरेश'. 'विद्यार्थी' करू का, असं विचारणार होतो. मग म्हटलं नको, गुरुजींना बघू दे. मुद्दाम तसाच छापला.

दुसऱ्या दिवशी दहाला गुरुजी हजर. मी ऐकून घ्यायची तयारी केली.

"चेला म्हणजे," त्यांनी सुरुवात केली आणि थांबले. मग विचारलं, हा सुरेश कोण? मी सांगितलं, चौथीपर्यंत तुमच्या वर्गात होता म्हणतो, तुम्ही त्याला पाढे शिकवलेत. त्यांना काही केल्या आठवेना. चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. पत्नी गेल्यापासून घरात ते एकटेच, मुलगा मुंबईला.

"आज वाढदिवस आहे हे माझ्याही ध्यानात नव्हतं," ते म्हणाले. "त्याचा नंबर आहे?"

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. गुरुजी ताठ बसले, वर्गात बसावं तसे.

"सुरेश का? मी मोहिते गुरुजी. बॅनर बघितला. शब्द चुकलाय तुझा." पलीकडून तो काहीतरी बोलला असावा. "नाही, फोनवर नाही सांगता येणार. घरी ये. वेळ लागेल, जेवायलाच ये." जरा थांबून म्हणाले, "पोरांनाही आण."

फोन परत देताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बाजारात ताजे बांगडे आले असतील का, एवढंच विचारलं.