मुखरूभाऊची अमेरिकन सासू

अमेरिकेत महागाईचा आकडा ज्या दिवशी जाहीर होतो, त्या दिवशी इकडे आरमोरीत आमचा मुखरूभाऊ संध्याकाळी दुसरी आंघोळ करतो. इस्त्रीचा पांढरा सदरा घालतो, केसांना तेल चोपडतो आणि मोबाइल मांडीवर घेऊन ओट्यावर असा ताठ बसतो की नवख्याला वाटावं, घरात मुलगी बघायला पाहुणे यायचे आहेत. पाहुणा एकच, आकडा. उन्हाळ्यात तो सहाला येतो आणि हिवाळ्यात सातला. "अमेरिकावाले थंडीत घड्याळ मागं करतेत, गुरुजी," ही माहिती मला त्यानंच दिली. "आपल्या इथी घड्याळ बंद पडते, तिथी मागं जाते. ज्याचं त्याचं नशीब."

मुखरूभाऊ माझा कुंपणापलीकडचा शेजारी. वयानं माझ्याच जोडीचा, म्हणून लिहिताना अरेतुरे करतोय, तोंडावर अहो-जाहोच. जन्म धानाच्या मिलवर गेला, आणि दिवाळी ते होळी झाडीपट्टीच्या नाटकांत. त्याला कायम एकच भूमिका मिळायची, हवालदाराची, आणि तीही त्याला झेपायची नाही. एकदा "साहेब, आरोपी पळाला" असं म्हणायचं होतं, तर हा पठ्ठ्या सलाम ठोकून म्हणाला, "साहेब, आरोपी आला!" विंगेत बिडी ओढत बसलेल्या आरोपीला धावत यावं लागलं. तो आरोपी अजून मुखरूभाऊशी बोलत नाही.

असा हा माणूस आज गल्लीत दिसेल त्याला पकडून बिटकॉइन समजावून सांगतो. बिटकॉइन आणि त्याच्या सगळ्या धाकट्या भावंडांना तो नुसतं 'नाणं' म्हणतो, आणि अमेरिकेच्या मोठ्या बँकेला 'सासू'.

"सोपं हाय बापा," तो सुरू करतो, आणि ऐकणारा पळायला वाट शोधतो. "महागाई वाढली का सासू तिजोरीची चाबी कमरेले खोचते. व्याज वाढवते. पैसा महाग होते. मंग लोकं म्हन्तेत, बँकेतच भेटून राह्यलं व्याज, तं नाण्याच्या मागं काऊन धावाव? नाणं पडते. महागाई उतरली का सासू खुश. चाबी ढिली. मोकळा पैसा नाण्याकडे पळते, नाणं नाचते."

"आणि आपल्या देशातली मोठी बँक?" मी एकदा डिवचलं.

"ते मामेसासू," तो म्हणाला. "तिचा मान ठेवाव. आपल्या घराचा हप्ता तिच्या हातात हाय. पन नाणं तिले भेत नाई."

एकदा आकडा चांगला आला, महागाई उतरली, तरी नाणं दाणकन आपटलं. मला वाटलं, आता सापडला! पण मुखरूभाऊ शांत होता. "लोकायनं याच्याहून चांगला आकडा येईन म्हनून आंदीच नाणं चढवून ठेवलं होतं. जावयाले बकऱ्याचं सांगून जेवाले बोलावलं, अन् पानात वाढली आलू-वांग्याची भाजी. भाजी चांगली होती, गुरुजी. पन जावई रुसला." छत्तीस वर्षं गणित शिकवलं मी, पण अपेक्षाभंग इतका पोटात उतरणारा मला कधी शिकवता आला नाही.

त्याच्या शास्त्रात एक घोटाळा मात्र आहे, आणि तो आरमोरीतच होऊ शकतो. अमेरिकेच्या आकड्याचा अंदाज तो आमच्या आठवडी बाजारावरून काढतो. वांगी, टमाटर, सुकट आणि लाखोळीची डाळ, चौघांचे भाव विचारत फिरतो, घेत काहीच नाही. वांगेवाली कौसल्याबाई आधी फणकारायची, "घ्याचं नाई तं हात काऊन लावता जी?" पुढं एकदा इथं वांगी उतरली आणि तिकडं अमेरिकेतही महागाई उतरली. तेव्हापासून बाई त्याला बघितलं की मोठ्यानं ओरडते, "भाऊ, आज वांगे सस्ते हायत! अमेरिकेले सांगा!" तो गंभीरपणे मान हलवतो. नंतर अंदाज कितीदा तरी फसला. मुखरूभाऊ म्हणतो, चूक अमेरिकेची.

आता तुम्ही म्हणाल, या माणसानं पैसा तरी किती घातलाय? एक छदाम नाही. नाणं त्याच्या पोराचं, सुमितचं.

सुमित हैदराबादला नोकरी करतो. आई तो लहान असतानाच गेली, मुखरूभाऊनं एकट्यानं वाढवलं. नोकरीतली शिल्लक त्यानं नाण्यात घातली, हे बापाला कळलं तेव्हा बाप फोनवर कडाडला, "जुवा हाय हे! काढ पैसे!" पोरगं म्हणालं, "बाबा, तुम्हाले यातलं काई समजत नाई," आणि फोन ठेवला. तो कित्येक महिने उचलला नाही. पुढं नाणं चढलं, तेव्हा आपणहून फोन आला. पडलं, की पुन्हा बंद. बापानं हळूहळू हिशेब लावला. नाणं वर तर पोराचा आवाज ऐकू येणार, नाणं खाली तर नाही. आणि नाणं सासूच्या हातात, सासू महागाईच्या. म्हणून अमेरिकेत स्वस्ताई व्हावी असं मनापासून वाटणारा अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात तो एकटाच आहे.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री नाटक. बाहेरगावी गेलेली लेकरं, सासरी गेलेल्या पोरी, सगळे मंडईला घरी येतात. सुमित मात्र आधीच्या दोन मंडयांना आला नाही. दोन्ही वेळा नाणं आडवं पडलेलं होतं. यंदा काय होतं, याची मुखरूभाऊला केवढी काळजी होती ते मी बघत होतो. ओट्याला शेण-मातीचं सारवण झालं. पोराला आवडतात म्हणून वड्यांसाठी डाळ येऊन पडली. आणि मंडईच्या तोंडावरच नेमका आकडा!

मला या माणसाचं एवढं का, तेही सांगतो. माझी बायको गेली त्या वर्षी घर मला खायला उठायचं. शाळेतूनही निवृत्त झालेला. संध्याकाळ झाली की काय करावं सुचायचं नाही. त्या दिवसांत मुखरूभाऊ कुंपणाचं फाटक ढकलून आत आला. "गुरुजी, मले टक्केवारी शिकवा. ते व्याज, ते महागाई, सगळं टक्क्यातच सांगतेत."

मग रोज संध्याकाळी शिकवणी. असा मठ्ठ विद्यार्थी मी जन्मात पाहिला नाही! काल समजलेलं आज पुसलेलं. मी चिडायचो, खडू आपटायचो. तो हात जोडून म्हणायचा, "थांबा गुरुजी, पयल्यापासून सांगा. मले जरासं उशिराच समजते." मी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचो. चिडता चिडता भूक लागायची, मग दोघं मिळून भात-वरण टाकायचो. ते अख्खं वर्ष माझं असं निघून गेलं. रिकाम्या घराकडे बघायला सवडच झाली नाही.

तर आकड्याची संध्याकाळ. सातच्या सुमाराला अंधार पडला होता, त्याच्या ओट्यावर दिवा होता, आणि मी माझ्या अंगणातूनच बघत होतो. आंघोळ झालेला, सदरा घातलेला मुखरूभाऊ मोबाइलवर वाकला, आणि त्याचे खांदे पडले. महागाई वाढली होती. सासूनं चाबी खोचली. नाणं कोसळलं. तो उठून घरामागं गेला, तिथं मोहाच्या झाडाखाली त्याच्या फोनला रेंज येते. मला राहवेना. म्हटलं, माणूस एकटा आहे, चहाला बोलावू. मी कुंपणापाशी गेलो, तर बोलणं ऐकू आलं. आज पोराच्या फोनची वाट न बघता बापानंच लावला होता, आणि पोरानं उचलला होता.

"आवाज काऊन असा रे? बिमार हायस का?" मुखरूभाऊ म्हणाला. मग तिकडचं ऐकून, "पडलं? का पडलं? नाणं? मले का मालूम बापा! मी आत्ताच बाजारातून आलो."

आत्ताच बाजारातून? मघापासून तर हा ओट्यावर बसला होता!

"महागाई? अमेरिकेतली? तिचा अन् तुया नाण्याचा का संबंध?" तिकडून सुमित काहीतरी सांगत होता. "मोठी बँक? अमेरिकेतबी बँक हाय? व्याज वाढवते? काऊन? थांब बेटा, थांब. पयल्यापासून सांग. मले जरासं उशिराच समजते."

आणि पोरगा सांगू लागला. आधी तुटक, मग सलग. शब्द मला कळत नव्हते, पण आवाज हळूहळू मोकळा होताना ऐकू येत होता. मुखरूभाऊ मधेमधे "असं का!" म्हणत होता, "आयला, हे तं मले कोनी सांगतलंच नाई!" म्हणत होता. चुकीचे प्रश्न मुद्दाम विचारत होता. एका प्रश्नावर तिकडून हसण्याचा आवाज आला. ज्याला रंगमंचावर एक वाक्य धड म्हणता आलं नाही, तो मागच्या दारच्या उजेडात, मोहाखाली उभा राहून एकही शब्द न चुकता काम करत होता, आणि दुसऱ्या हातानं सदऱ्याचं टोक धरून डोळे पुसत होता.

"तुले सगळं समजते रे," शेवटी तो म्हणाला. "पडलं तं पडलं. तू ये. मंडईले इथी बसून मले नीट समजावून दे. फोनवर माया डोक्यात शिरत नाई." मग ऐकत राहिला, आणि हळूच म्हणाला, "उद्याच्या गाडीनं? ये. डाळ आनून ठेवली हाय."

मी कुंपणाशी उभा होतो. माझी ती वर्षभराची शिकवणी मला आठवत होती. खडू, चिडचिड, भात-वरण आणि तेच वाक्य, शब्दाला शब्द. माझाही फोन त्या वर्षी बंदच होता म्हणायचा. या मठ्ठ विद्यार्थ्याचे माझ्यावर किती उपकार आहेत, हे मला त्या अंधाऱ्या अंगणात पहिल्यांदा कळलं, आणि डोळे भरून आले.

तो वळला, मला पाहून दचकला. "गुरुजी! कवा आले?"

"आत्ताच," मी म्हणालो. "चहा टाकतोय, चला. आणि मुखरूभाऊ, आज ते नाणं का पडलं हो? पहिल्यापासून सांगा. मला जरा उशिराच समजतं."

मग त्याचा चेहरा खुलला, फाटक ढकलून तो आत आला, माझ्या ओट्यावर ऐसपैस बसला आणि म्हणाला, "सोपं हाय बापा. एक होती सासू."